चालत नाही

देविदास राठोड खाण्यापिण्याच्या बाबतीत कोणाला नाही म्हणणारा माणूस कधीच नव्हता. तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होता. कागदोपत्री डॉक्टर नव्हे. पण कळमनुरी तालुक्यातल्या ज्या गावांतून त्याची मोटारसायकल फिरायची, तिथे म्हशीला इंजेक्शन देणारा तो डाक्टरच. गाय गाभण राहिली की चहा, वासरू सुखरूप बाहेर आलं की चहा, आणि जनावर दगावलं तरी ‘आता तुमी तरी काय करनार’ म्हणून चहा. या चहांनी त्याचं पोट सुटलं होतं आणि नाव चांगलं झालं होतं.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठायला लागल्या. लाल, टम्म, आणि खाज अशी की माणसाने चारचौघांत लाज सोडावी. गोळी घेतली की बरं वाटायचं, गोळी उतरली की पुन्हा पाठ घासायला खांब शोधायचा. "म्हशीचे इलाज करता करता तुमी म्हैसच झाले," असं त्याची बायको निलम म्हणायची. बाई तोंडाची फटकळ होती, पण पाठीला खोबरेल लावायची तीच.

मग भेटले विजयकुमार सर. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक, गुडघेदुखीने बेजार झालेले, आणि आता एका कडक आहाराने जिने चढणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं. अंगाला काय बाधतं ते शोधायचं, तर आधी सगळंच बंद करायचं. धान्य बंद, डाळ बंद, दूध, साखर, गूळ, शेंगदाणे बंद, पाकिटातलं तर काहीच नको. उरल्या भाज्या, फळं, अंडी, मासे आणि मटण. महिनाभर हे पाळायचं, मग एकेक पदार्थ परत घ्यायचा आणि अंग काय म्हणतं ते बघायचं. मधे एक घास चुकला तर मागचं सगळं वाया, पुन्हा पहिल्या दिवसापासून. सरांनी असे पंधरा-वीस जण जमवून मोबाइलवर ग्रुप केला होता. रोजच्या ताटाचा फोटो त्यात टाकायचा.

"भाकरी बी न्हाई?" निलमने विचारलं. "मंग त्याला जेवन काहून म्हनायचं?"

पण देविदासला ते जमलं. पंधरवड्यात गांधी ओसरल्या, पॅन्ट ढिली झाली आणि डोक्यात वारं शिरलं. माणूस व्यसनात असताना शेजाऱ्यांना जेवढा त्रास देत नाही, तेवढा व्यसन सोडल्यावर देतो. देविदासचं तेच झालं. मेहुणीच्या लग्नात त्याने बुंदीच्या ताटासमोर बसून साखरेवर भाषण दिलं. समोर काही आलं की हात आडवा करायचा आणि म्हणायचं, "मला चालत नाही." हा शब्द त्याच्या जिभेवर असा बसला की ताट यायच्या आधीच बाहेर पडायचा. सर ग्रुपवर लिहायचे, ‘राठोडांकडून शिका.’ ते वाचून त्याला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं. शाळेत तो नंबर कधी आला नव्हता.

आणि मग एका सकाळी वारंगा फाट्यावर त्याची फजिती झाली. पहाटेपासून एका अडलेल्या गाईपाशी त्याची झटापट चालली होती. वासरू वाचलं, पण देविदासच्या पोटात कावळे ओरडत होते आणि डब्यात होता उकडलेला दुधी. फाट्यावर हॉटेलात खिचडीचं भगुणं नुकतंच उतरवलेलं. पिवळीधमक खिचडी, वर तळलेली मिरची, बाजूला पापड. भात आणि डाळ, दोन्ही बंदीतले. देविदास रस्त्याकडे पाठ करून बसला आणि दोन प्लेट खाल्ल्या. मजा म्हणजे अंगावर एक गांध उठली नाही. म्हणजे भात आणि डाळ निर्दोष सुटले होते, पण निकाल जाहीर करायची सोय नव्हती. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचं, तेही सगळ्यांना सांगून? त्याने आदल्या दिवशी काढलेला दुधीचा फोटो ग्रुपवर टाकला. सरांनी शाबासकीचा अंगठा टाकला. देविदासला मनातून ओशाळं वाटलं, पण तेवढ्यावर निभावलं असं समजून तो गप्प बसला.

आता जळबाच्या घराबद्दल सांगायला हवं. जळबा आणि सोजराबाई हे बौद्ध वस्तीतलं म्हातारं जोडपं. एक म्हैस, थोडी जमीन, आणि नांदेडला नर्सिंग शिकणारी नात ज्योती. देविदास पहिल्यांदा त्यांची म्हैस बघायला गेला, तेव्हा हात धुऊन झाल्यावर जळबा अडखळत म्हणाला होता, "चहा... दुकानातून आनू का, डाक्टर?" देविदास म्हणाला, "दुकानातला काहून? घरचा ठेवा की." सोजराबाईने चुलीवर चहा ठेवला, आणि त्या दिवसापासून ती त्याची आई झाली. त्या रस्त्याने जाताना तो तिथे थांबल्याशिवाय पुढे गेला नाही.

हे देविदासला सहज जमलं होतं असं नाही. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाढलेला. त्याची आई जमनाबाई, आता हयात नाही, तो लहानपणी गावातल्या शाळेतून आला की विचारायची, कोणाकडचं पाणी प्यालास? आणि खरं सांगितलं की आपल्या गोरमाटी बोलीत जे म्हणायची त्याचा मराठी अर्थ एवढाच, की त्यांच्याकडचं आपल्याला चालत नाही. देविदास भांडायचा. गावातले लोक आपल्याला ओसरीवर चढू देत नाहीत, आणि आपण आणखी कोणाला तरी खाली ढकलायचं? आईशी अशा भांडणात आपण जिंकलो, आपण त्यातून बाहेर पडलो, याचा त्याला अभिमान होता. माणसाने अभिमान धरावा अशा थोड्या गोष्टींत त्याची ती एक होती.

बुद्धपौर्णिमेला सोजराबाईने त्याला खिरीचं बोलावणं केलं होतं. विहारातली वंदना आटोपली आणि मंडळी जळबाच्या अंगणात कापडी मंडपाखाली बसली. देविदास टेकतो न टेकतो तोच शेजारी येऊन बसले विजयकुमार सर. त्यांच्या शाळेतली निम्मी पोरं याच वस्तीतली, त्यांना बोलावणं असणारच. "काय राठोड, कितवा दिवस?" सरांनी हसून विचारलं. देविदासने थाप मारली. थाप मारताना कान तापले होते, आणि नेमकी त्याच वेळी सोजराबाई पितळी वाटी घेऊन पुढे आली. तांदूळ, दूध आणि साखर, तिन्ही आरोपी एकाच वाटीत.

"घ्या डाक्टर. पयली तुमाला."

देविदासने वाटीवर हात आडवा धरला. "न्हाई आई. मला चालत न्हाई."

"एक घोट घ्या की. तथागतानं बी उपास खिरीवरच सोडला व्हता. तुमी त्यायच्याहून कडक व्हय?"

बायका हसल्या. सरही हसले. देविदासला वाटलं, आता आपण डगमगलो तर सरांना सगळंच कळेल, खिचडीसुद्धा. म्हणून तो नको तेवढ्या मोठ्या आवाजात बोलला, "न्हाई म्हंजे न्हाई. तुमच्याकडचं काहीच चालत न्हाई मला."

‘सध्या’ हा शब्द बोलायचा राहिला. दूध-साखरेमुळे, हेही राहिलं. बायकांचं हसणं थांबलं. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाने हे वाक्य कुठे ना कुठे ऐकलेलं होतं, कोणी हॉटेलच्या दारात, कोणी विहिरीवर. सोजराबाईचा हात वाटीसकट तसाच राहिला.

"घिऊन जाय ती वाटी," जळबा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "चालत न्हाई म्हनले ना ते."

तेव्हा विजयकुमार सरांनी दोन्ही हात पुढे केले. "मला द्या, मावशी. उद्यापासून पुन्हा पहिला दिवस." आणि त्यांनी ती वाटी ओठाला लावून चवीने संपवली. ज्यांच्या धाकाने देविदासने नाही म्हटलं, ते सर मिशीला लागलेली खीर रुमालाने पुसत होते. ‘मला बी द्या’ असं म्हणावंसं देविदासला वाटलं. पण आता मागितली तर ती खीर सरांच्या परवानगीने खाल्ल्यासारखी होईल, हे त्याला कळत होतं. तो खाली मान घालून बसला आणि मंडळी उठायच्या आधीच निघाला.

मोटारसायकलपाशी ज्योती आली. "काका, मागच्या आठवड्यात मी नांदेडहून येऊन राहिले होते. वारंगा फाट्यावर एसटी थांबली, तर तुमी दिसले. मी खिडकीतून आवाज बी दिला. तुमी खिचडी खाऊन राहिले होते."

देविदास चावी शोधू लागला. चावी गाडीलाच होती.

"आतमधी आज्जी अन् आबा भांडून राहिले," ज्योती म्हणाली. "आज्जी म्हनते, मानूस आजारी हाय, त्याचं पथ्य हाय. आबा म्हनते, पथ्य-बिथ्य काही न्हाई, जुनीच गोष्ट हाय. मी काही बोलले न्हाई अजून."

पोरीच्या आवाजात धमकी नव्हती, म्हणूनच तिच्याकडे बघवेना. "बघतो," असं काहीतरी पुटपुटून तो निघाला. काय बघणार होता ते त्यालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर तो त्या रस्त्याने जाईना. कॅनॉलच्या कच्च्या वाटेने फेरा मारून पुढच्या गावी जायचा. मनाशी वकिली चालायची. माझ्या मनात तसलं काही नव्हतं, मी दुधा-साखरेबद्दल बोललो, त्यांनीच उलटा अर्थ काढला. ही वकिली बरी चालली होती, पण एक दिवस त्याला सरपंचाच्या ओसरीवरचा चहा आठवला. पौर्णिमेच्या आधीच्याच दिवसांत सरपंचाने कप पुढे केला होता आणि देविदास म्हणाला होता, "थोडा चालंल." दुधाचा, साखरेचा चहा. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून घेतला, आणि गंमत अशी की तो पथ्यभंग त्याने मनातसुद्धा मोजला नव्हता. सरपंचाला नाही म्हणता आलं नाही. सोजराबाईला किती पटकन म्हणता आलं. हे ध्यानात आलं तेव्हा तो भर रस्त्यात गाडी उभी करून थांबला. त्याला स्वतःची शरम वाटली, अंगावर गांधी उठाव्यात तशी, जागोजाग. आईशी भांडून जे घराबाहेर काढलं असं तो आयुष्यभर समजत होता, ते त्याच्या जिभेखाली आरामात बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने जळबाला फोन केला, येतो म्हणून. "या," एवढंच जळबा म्हणाला.

सोजराबाई वाटच बघत होती. तिचा चेहरा नेहमीसारखाच उजळलेला पाहून देविदासला जास्तच कानकोंडं झालं. तिने ताटलीत उकडलेली अंडी आणून ठेवली.

"ज्योतीकडून सरांना इचारून घेतलं, तुमाला काय चालतं ते. घरच्याच कोंबडीची हायेत. मला ठावं व्हतं तुमी याल. ह्यायला मी सांगून ऱ्हायले, मानूस दुखन्याईत हाय, त्याचं मनावर घिऊ नगा."

"सोलली न्हाईत," जळबा बाजेवरून म्हणाला. "म्हनलं, तुमच्या तुमी सोला. कोनाचा हात लागायला नगं."

सोजराबाईने नवऱ्याकडे रागाने पाहिलं. देविदासने एक अंडं उचललं. ते त्याने निमूट खाल्लं असतं तर सगळं मिटलं असतं. सोजराबाई खरी ठरली असती, जळबा खोटा, आणि हा पुन्हा या घरचा डाक्टर. ज्योतीने खिचडीबद्दल तोंड उघडलंच नव्हतं, हेही त्याला कळलं. अंडं हातात गरम लागत होतं आणि म्हातारी कौतुकाने बघत होती. त्याने ते परत ताटलीत ठेवलं.

"आई, मी वारंगा फाट्यावर खिचडी खाल्ली होती. पौर्णिमेच्या आधी."

"चुकतंच की मानूस कवा तरी. भूक लागल्यावर काय करनार."

"सरपंचाच्या घरी चहा बी घेतला."

यावर मात्र पदराला हात पुसत ती खाली बसली. "मंग खिरीला काय झालं व्हतं?"

देविदासने बरीच वाक्यं मनाशी जुळवून आणली होती. त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडेना. "सर बसले होते शेजारी," तो म्हणाला. "ग्रुपवर मी खोटं सांगितलं होतं. त्यांच्यासमोर खाल्लं असतं तर... लाज वाटली."

सोजराबाईने ते नीट ऐकून घेतलं. मग सावकाश, स्वतःलाच समजावून सांगावं तशी म्हणाली, "म्हंजे तुमाला सरांची लाज वाटली. आमची न्हाई वाटली."

देविदासला मान वर करता येईना. जळबा खरा ठरला होता, पण ‘मी म्हनत नव्हतो का’ असं तो म्हणाला नाही. तो उठून म्हशीकडे गेला आणि नीट असलेला चारा उगीच सारखा करू लागला.

"चुकलो, आई."

"व्हय," सोजराबाई म्हणाली. ‘असू द्या’ ती म्हणेल असं देविदासला वाटलं होतं. आजवर ती प्रत्येक गोष्टीला ‘असू द्या’ म्हणत आली होती.

मग त्याने धीर करून म्हटलं, "चहा ठेवता का? दूध-साखर घालून."

सोजराबाई उठली नाही. "आज ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिने अंडी फडक्यात बांधली आणि त्याच्या पिशवीवर ठेवली. "ही घिऊन जा घरी. अन् म्हशीला काही झालं तर फोन करू आमी तुमाला."

"बरं," देविदास म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला. या घरी यायला त्याला त्या पहिल्या चहानंतर म्हशीचं निमित्त कधी लागलं नव्हतं.