माझं नाव असलेली नोट

१९९४ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत माझा छापखाना होता. छापखाना म्हणजे काय, पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या खिळ्यांनी भरलेल्या लाकडी केसेस आणि मी. शाळा माझी तिसरीत सुटली. पण खिळ्यावरचं उलटं अक्षर मी कॉलेज शिकलेल्या माणसापेक्षा भरभर वाचायचो, आणि हे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचोही. त्यात मला लाज नव्हती, आजही नाही.

नाशकात नोटांचा सरकारी छापखाना. त्यामुळे परगावचा पाहुणा आला की त्याचा एक ठरलेला विनोद असायचा, तुम्ही छापखानेवाले, आम्हालाही दोन-चार छापून द्या. मीही ठरलेलं उत्तर द्यायचो, की सरकार तिकडे नोटा छापतं आणि मी इकडे त्या खर्च करायचं निमित्त छापतो, म्हणजे लग्नपत्रिका. पाहुणे हसायचे. त्या दसऱ्यानंतर मी हे उत्तर द्यायचं सोडलं.

दसऱ्यानंतरचा रविवार होता. दुपारी जेवून बसलो तर केबलवर एक जुना काळा-पांढरा हिंदी सिनेमा लागला होता, खोट्या नोटा छापणाऱ्या टोळीचा. सुरुवातीला मी मजेत होतो. कारण त्यात माझ्यासारखंच ट्रेडल मशीन होतं, आणि चष्मा लावलेला तो छापखानेवाला कागद असा सरकवत होता की खऱ्या मशीनने त्याची बोटं पहिल्याच फेऱ्यात चेचली असती. मी बायकोला हाक मारून ते दाखवलं. ती धान्य निवडत होती. तिने बघितल्यासारखं केलं.

तो छापखानेवाला तसा वाईट माणूस नव्हता. टोळीच्या म्होरक्याने आणून दिलेला नोटेचा छपाईचा ठोकळा त्याने मशीनवर चढवला, वरची अक्षरं आपल्या खिळ्यांनी जुळवली, एवढंच. मग हॅट घातलेला एक इन्स्पेक्टर आला. त्याने भिंग लावून खोटी नोट पाहिली, त्यातल्या एका 'श'चा पाय मोडलेला होता. मग तो गावभरच्या लग्नपत्रिका गोळा करत फिरला आणि एका पत्रिकेत तोच मोडका पाय त्याला सापडला. छापखानेवाल्याने ठोकळा पिठाच्या डब्यात लपवला होता. इन्स्पेक्टरने डब्यात छडी खुपसली आणि आतून खट असा आवाज आला.

त्या आवाजासरशी मी बसल्या जागी मागे सरकलो. कारण असाच एक ठोकळा माझ्या छापखान्यात फळीवर पडला होता.

झालं होतं असं. दसऱ्याच्या आधी इंदिरानगरमधला एक साड्यांचा नवा दुकानदार माझ्याकडे आला होता. शंभराच्या नोटेवरून केलेला जस्ताचा ठोकळा त्याने सोबतच आणला होता. त्याला हँडबिलं हवी होती. पुढून शंभराची नोट, मागून दुकानाची जाहिरात. रस्त्यात पडलेली दिसली की माणूस वाकून उचलणारच, असं त्याचं म्हणणं. मागे छापखान्याचं नाव तेवढं घालू नका, असंही म्हणाला. तिथे माझा ताठा आडवा आला. माझ्या छापखान्यातून बिननावाचा कागद आजवर बाहेर पडला नाही, पडणार नाही, असं मी त्याला सांगितलं. नोट छापावी की नाही याचा विचार मी केला नाही. नावावरून मात्र भांडलो. आणि मागच्या बाजूला, तळाशी, नाव आणि गल्लीचा पत्ता खिळा-खिळा जुळवून घातला. हँडबिलांचे गठ्ठे तो घेऊन गेला, ठोकळा माझ्याकडेच राहिला.

दसऱ्याला मशीनची पूजा करताना ताज्या कामातला पहिला कागद मशीनपुढे ठेवायचा, ही आमची रीत. त्या वर्षी तोच कागद ठेवला. हळदकुंकू लावलेली ती निळी नोट नंतर भिंतीला खिळ्याने अडकवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आधी दिसायची.

सिनेमात कोर्ट भरलं. टोळीचा म्होरक्या एका पिंजऱ्यात, छापखानेवाला दुसऱ्या. न्यायाधीशाने कागद हातात घेतला, चष्मा पुसला, आणि आमच्याकडची लाइट गेली.

"बरं झालं," बायको म्हणाली. "तुमचं तोंड बघवत नव्हतं."

मी विचारलं, "सुटला असेल का गं तो छापखानेवाला?"

"सिनेमातला की आपला?" ती म्हणाली, आणि पुन्हा धान्य निवडू लागली.

तो सिनेमा पाहिलेले गल्लीत चार जण तरी असतील. पण मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारतो हे सांगावं लागलं असतं.

सोमवारी सकाळी आधी भिंतीवरचा कागद काढला. हळदकुंकवाचा कागद जाळवेना, म्हणून जुन्या पंचांगात घातला. ठोकळा तांदळाच्या डब्यात टाकला, मग छडी आठवली आणि बाहेर काढला. गोदावरीत सोडावा म्हटलं, तर रामकुंडावर नाणी शोधणारे लोक दिवसभर पाण्याचा तळ चाळत असतात. आणि लाकडावर जस्ताचा पत्रा ठोकलेला ठोकळा, तो बुडेल की तरंगेल याचाही भरवसा नाही. फोडायचा म्हटलं तर ठोकळा गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाइकाचा ठोकळा फोडत नाहीत, सांभाळतात. चाळीस वर्षांत मी एकही फोडला नव्हता. शेवटी मशीनखाली शाईच्या चिंध्यांत गुंडाळून ठेवला. मग 'श'च्या खणात हात घालून मोडक्या पायाचा खिळा शोधत बसलो. एक नाही, तीन सापडले.

दार अर्धं ओढूनच मी काम करू लागलो. समोरच्या टपरीवर एक हवालदार रोज चहाला यायचा, वर्षानुवर्षं यायचा. त्या दोन दिवसांत मला वाटू लागलं की तो चहा फार सावकाश पितो. मंगळवारी त्याने माझ्याकडे बघून हात केला. मी हात केला नाही. आणि हात केला नाही म्हणून संध्याकाळपर्यंत घाबरून बसलो.

बुधवारी दुपारी दारातल्या उजेडात कुणीतरी उभं राहिलं. पोलीस नव्हता. पेठ तालुक्याकडची एक डोंगरातली बाई होती, वयाने माझ्याच बरोबरीची, काष्टा घातलेली, डोक्यावर रिकामी पाटी. कनवटीतून तिने घडी घातलेला कागद काढला. घडी उलगडायच्या आधीच मला निळी शाई दिसली.

"दादा, हा कागद तुझा हाय का?" तिने विचारलं.

तिने सांगितलं ते असं. घरची नागली, म्हणजे नाचणी, घेऊन ती बाजारात बसली होती. आदल्या संध्याकाळी लाइट गेलेली, गर्दी. एका माणसाने सगळी पाटी घेतली, चार घड्यांची नोट तिच्या हातात दाबली आणि वरचे पैसे घेऊन गेला. सकाळी ती मीठ-मिरची घ्यायला गेली तेव्हा दुकानदार हसला. एका हमालाने कागद वाचून तिला सांगितलं की यावर मागच्या गल्लीतल्या छापखान्याचं नाव आहे. पाटीभर नागली गेली होती आणि गाठीचे सुटे पैसेही. पोलिसात जा म्हणून लोक म्हणत होते. पण तिला आधी ज्याचा कागद त्याला विचारायचं होतं.

पोलीस हा शब्द तेवढा माझ्या कानात राहिला. मी कागद हातात घेतला. माझंच नाव, माझीच गल्ली, आणि 'श'चा पायसुद्धा मोडका.

"माझा नाही," मी म्हणालो. "हे दुसऱ्याचं नाव आहे."

तिने कागदाकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "मंग कोनाचं हाय ते सांग. मी त्याच्याकडं जाते."

हे मला सुचलंच नव्हतं. ज्याचं नाव सांगेन त्याच्या दारात ती जाऊन उभी राहणार होती. मी कागद उजेडाकडे धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"पुसट आहे," मी म्हणालो. "वाचता येत नाही."

"तुला बी वाचता येत नाय?"

"नाही."

तिने कागद परत घेतला, जशा होत्या तशाच चार घड्या घातल्या. "असू दे दादा," ती म्हणाली. "आपन सारखंच." आज बाजारातच कुणाकडे तरी पडते आणि सकाळच्या पहिल्या गाडीने गावी जाते, असं सांगून ती निघाली. पाटी दाराला अडकली, ती तिरकी करून बाहेर काढली.

टपरीवर हवालदार चहा पीत होता. ती त्याच्या अगदी जवळून गेली. थांबेल, आता थांबेल, म्हणून मी मशीनचा दांडा धरून उभा राहिलो. ती थांबली नाही. माझी सुटका झाली होती. तरी दांडा सोडवेना. आतापर्यंत भीती इन्स्पेक्टरची होती. आता भीती अशी, की ही बाई गावी जाऊन सांगेल, पंचवटीत एका म्हाताऱ्याला विचारलं, पण बिचाऱ्याला वाचता येत नव्हतं. ती मला बिचारा म्हणेल, हे मला तुरुंगापेक्षा जड वाटू लागलं.

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "त्या हँडबिलावर नाव घालायला तुम्ही भांडलात ना?" मग तिने ताटात भात वाढला, तो मी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंभराची नोट घेतली आणि पेठ नाक्यावर गेलो. ती पाटी उपडी घालून त्यावर बसली होती. गाडी यायची होती.

"ते नाव माझंच आहे," मी म्हणालो. "मला वाचता येतं."

नोट पुढे केली. तिने लगेच घेतली नाही. आधी कनवटीतून तो कागद काढला, मांडीवर पसरला, मग माझी नोट उन्हात धरली. एकदा ही, एकदा ती, असं कितीतरी वेळ पाहत बसली. मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारलं, "ही खरी हाय ना?" तो हो म्हणाला. मला तिने विचारलं नाही. तिला तसा हक्क होता.

नोट गाठीला बांधून झाल्यावर मी तो कागद मागितला.

"हा राहू दे माझ्याकडं," ती म्हणाली. "घरी सुनांना दावीन, खोटी कशी असती."

मी हात पुढे केलेला होता, तो मागे घेतला. मनात आलं, हिसकावून घ्यावा. इन्स्पेक्टर, भिंग, मोडका पाय, सगळं डोळ्यांपुढून गेलं. गाडी आली. ती पाटी घेऊन चढली, आणि माझं नाव असलेली नोट पेठकडे निघून गेली.

मी परत आलो, छापखान्याचं दार सताड उघडलं. टपरीवरच्या हवालदाराने हात केला, मीही केला. मग मशीनखालच्या चिंध्यांतून तो ठोकळा काढला, उंबऱ्यावर बसलो आणि छिन्नी लावून त्याच्यावरचा जस्ताचा पत्रा उचकटायला लागलो.