लाइनअक्का

कुणाचा हेडफोन सैल झालाय, कुणाच्या डोक्यावर पंखा फिरतोय आणि कोण सकाळी न जेवता आलंय, हे आमच्या ऑफिसातल्या अक्का नुसत्या आवाजावरून सांगायच्या. त्यासाठी डोळे मिटायच्या आणि उजव्या हाताचं एक बोट टेबलावर टेकवून ठेवायच्या. बोट हललं की आम्ही समजायचो, काहीतरी सापडलं.

ऑफिस गुलबर्ग्यात, एका डाळीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. एका मोठ्या दवाखान्यासाठी आम्ही रुग्णांना फोनवरून डॉक्टरांच्या वेळा द्यायचो. लातूर, उदगीर, बिदर, सोलापूर, कुठूनही फोन यायचे, आणि ज्या भाषेत आले त्या भाषेत आम्ही बोलायचो. फोन जिथून चालतात ती सगळी जोडणी सांभाळायचं काम अक्कांचं. त्या मूळच्या औराद तालुक्यातल्या संतपूरच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. बोर्ड गेला, संगणक आले, तेही त्या शिकल्या. पण तोंडात शब्द एकच राहिला. काहीही बिघडलं तरी त्या म्हणायच्या, "थांब, लाइन बघू." म्हणून त्या लाइनअक्का.

त्यांची शिस्त कडक होती. "हॅलो दोनदा म्हनायचं. तिसऱ्यांदा म्हनायची पाळी आली तर लाइन खराब हाय. उठायचं आन् मला सांगायचं." काचेच्या बांगड्यांवर त्यांचा विशेष राग, कारण त्या टेबलावर आपटल्या की पलीकडच्या माणसाच्या कानात ताट पडल्यासारखं वाजायचं. एक नवी नवरी बांगड्या काढायला तयार होईना. सासू काय म्हणेल, हे तिचं म्हणणं. अक्कांनी वाद घातला नाही. स्वतःचा रुमाल काढला, तिच्या मनगटावर बांगड्यांवरून गुंडाळला आणि गाठ मारून दिली. पुढं आठवडाभर त्या रोज सकाळी तिला धुतलेला रुमाल बांधायच्या.

मी खजुरीची. आळंद तालुक्यातलं आमचं गाव, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. घरातून नोकरीसाठी बाहेर पडलेली पहिली मुलगी मी. बाबांनी एक वर्ष बघू, या बोलीवर पाठवलं होतं. आणि सहाव्या महिन्यातच माझ्या नावावर तक्रारी यायला लागल्या. सगळ्या एकाच तऱ्हेच्या, बाई मधे मधे बोलते, ऐकून घेत नाही. उदगीरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर दवाखान्यात जाऊन सांगितलं की असल्या उद्धट पोरीला फोनवर बसवू नका. मॅनेजर साहेब वाईट माणूस नव्हते, पण दवाखान्याचं ऐकणं त्यांना भाग होतं. त्यांनी मला आठ दिवस दिले. त्यात सुधारणा दिसली नाही तर घरी जावं लागेल, असं सांगितलं.

मी खूप जपून बोलायला लागले. समोरचा थांबला की मनात दोन आकडे मोजायचे आणि मग बोलायचं. तरी माझा शब्द आणि त्याचा शब्द नेमके एकमेकांवर आदळायचे. तिसऱ्या दिवशी मी जिन्यात रडत बसले होते. अक्का तिथून चालल्या होत्या. माझ्यावरच्या तक्रारींचं त्यांच्या कानावर आलंच होतं. शेजारी बसल्या, स्वतःचा मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "जा, जाग्यावर बस. मी हितनं फोन लावते. तू एक म्हन, मी दोन म्हनते. बघू कुठवर जातो."

मी मराठीत सुरू केलं, त्यांनी कन्नडमध्ये. एक. एरडू. तीन. नाल्कू. पाचला आमची टक्कर झाली. परत सुरू केलं, या वेळी सातला. तिसऱ्यांदा तर तीनपर्यंतही पोचलो नाही. अक्का वर आल्या, माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तू उद्धट न्हाईस, पोरी. तुझं बोलनं उशिरा पोचायलंय."

आमच्या टेबलांवर खरे संगणक नव्हतेच. होता तो पडदा आणि पुस्तकाएवढी पेटी. खरा संगणक हैदराबादला, एका कंपनीच्या थंड खोलीत. आम्ही इथं बटण दाबायचो आणि काम तिथं व्हायचं. काही महिन्यांपूर्वी हे रिमोट डेस्कटॉप आले तेव्हा आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं होतं. पण पडद्याबरोबर आवाजही हैदराबादला जात होता. माझा शब्द आधी तिकडच्या संगणकात, तिथून फोनच्या यंत्रणेत आणि मग रुग्णाच्या कानात. त्याचा शब्द तेवढाच फिरून माझ्याकडं. तो थांबला असं मला वाटेपर्यंत तिकडं त्याचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं. त्यात माझं टेबल वायफायपासून सगळ्यात लांब, म्हणून टक्कर माझीच जास्त. मॅनेजर साहेबांना अक्कांनी हे एका वाक्यात समजावलं. "ह्या पोरीला खजुरीला जायाचंय, तर तिला कामून हैदराबादवरनं पाठवायलाव?"

हैदराबादचे इंजिनिअर मात्र ऐकेनात. त्यांच्याकडं सगळं हिरवं दिसत होतं, जोडणी उत्तम होती. अक्कांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर बसून, माझाच हेडफोन लावून त्यांनी इंजिनिअरला फोन केला आणि दख्खनीत गप्पा सुरू केल्या. घरी कोण कोण आहे, जेवलात का, तिकडं ऊन किती आहे. एका हातानं त्या कागदावर रेघा मारत होत्या. पाचवी रेघ मारून झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "साब, आप मेरी बात पाँच बार काटे. अब मैं आपको बदतमीज लिखूँ क्या?"

 पलीकडं तो माणूस हसला. मोकळं, मोठ्यानं हसला. आणि त्या दिवसापासून अक्कांचा झाला.

दोघांनी मिळून चार दिवस काम केलं. पडदा हैदराबादवरूनच येऊ दिला, पण आवाजाला टेबलावरच्या पेटीतूनच थेट फोनच्या यंत्रणेकडं जायची वाट करून दिली. वायफाय काढून प्रत्येक पेटीला केबल जोडली. ऑफिसच्या इंटरनेटवर गर्दी झाली तर आधी आवाज जाईल आणि बाकीचं थांबेल, अशी सोय केली. अक्कांचं म्हणणं, चित्र घटकाभर उशिरा आलं तर कुणाचं मन दुखत नाही. दर बदलानंतर त्या जिन्यात जायच्या आणि आमची मोजणी सुरू व्हायची. आधी बारापर्यंत गेलो, मग तीसपर्यंत. आठव्या दिवशी दुपारी शंभर मीच म्हणाले, कारण कन्नडमधलं नूरू म्हणायच्या आधीच अक्का हसायला लागल्या होत्या.

माझ्या नावावरच्या तक्रारी खोडल्या गेल्या. पण अक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. उदगीरच्या त्या गृहस्थांना तूच फोन लाव, म्हणाल्या. मी घाबरले. मशीनचं काही सांगत बसू नको, एवढंच त्यांनी बजावलं. मी फोन लावला. गृहस्थ बायकोच्या गुडघ्यांविषयी बोलत राहिले, मी ऐकत राहिले. डॉक्टरांची वेळ ठरली. फोन ठेवताना ते म्हणाले, "त्या दिवशी एक दुसरीच बाई होती. तुम्ही चांगल्या हाव." अक्का माझ्या शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. बोट अजिबात हललं नाही.

मागच्या वर्षी त्यांची आई पडली आणि अक्का नोकरी सोडून संतपूरला गेल्या. निरोपसमारंभ करू दिला नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येक टेबलाशी जाऊन, हेडफोन लावून एकेक फोन ऐकला आणि संध्याकाळच्या बसनं गेल्या. त्यांचं काम आता मी बघते. बाबांचं ते एक वर्ष कधी संपलं, हे त्यांनीही विचारलं नाही.

तुरीच्या काढणीच्या दिवसांत अक्कांचा फोन आला. शेतातून बोलत होत्या. आवाज तुटत होता, निम्मे शब्द वाऱ्यात जात होते. मी सवयीनं सुरू केलं, जरा उंचावर जा, फोन दुसऱ्या कानाला लावा, बंद करून परत लावू का. अक्कांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"लाइन खराबच हाय," त्या म्हणाल्या. "राहू दे. तू कशी हाईस ते सांग."

मी सांगायला लागले. मधे कुठं शांतता झाली की थांबत होते, त्यांचं काही यायचं राहिलं असेल म्हणून.