मुदगलकर सरांचं वाचन

मुदगलकर सर रस्त्याने चालताना पाट्या वाचत. आपणही वाचतो, पण वाचून पुढे जातो, सर थांबत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. तिच्या पाटीवर 'येथे दळन दळून मिळेल' असं लिहिलेलं होतं. निलंग्याला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी गिरणीवाल्याकडून स्टूल मागून घेतलं, खिशातून खडू काढला आणि त्या 'न'चा 'ण' केला. गिरणीवाला हसला. सर हसले नाहीत. "चुकीचं अक्षर दिसलं की माझ्या दाताखाली खडा येतो," म्हणाले. पावसाने खडू धुऊन गेला की ते पुन्हा स्टूल मागत.

साठीला टेकलेले, उंच, किंचित वाकलेले, बारीक आवाजाचे. आमच्या वरच्या खोलीत ते भाड्याने राहायला आले. डॉक्टर वामन मुदगलकर, शिलालेखांचे अभ्यासक, मुक्काम धारवाड, अशी ओळख त्यांनी स्वतःच करून दिली. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. असा माणूस आपल्या घरात राहणार याचाच मला इतका आनंद झाला की आणखी काही विचारायचं मला सुचलं नाही. माझे यजमान नोकरीमुळे आठवडाभर लातूरला असत. शनिवारी आले की तेही सरांशी गप्पा मारत बसायचे.

सर आले होते बोरहळ्ळीच्या शिळेसाठी. बोरहळ्ळी हे सीमेलगतचं गाव, निलंग्याहून जीपने अर्ध्या-पाऊण तासावर. तिथे कल्लेश्वर महादेवाचं काळ्या दगडातलं देऊळ आहे आणि सभामंडपात पुरुषभर उंचीची एक शिळा. तिच्यावर जुन्या कानडीत कोरलेला लेख, आणि तो गावात कुणालाच वाचता येत नव्हता. गावकरी तिला हळदकुंकू वाहत, तेल लावत. सरांनी पहिल्यांदा ती शिळा धुतली तेव्हा मी सोबत होते. ओल्या फडक्याने त्यांनी एकेक ओळ पुसली, मग बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून आडवी धरली. सपाट वाटणाऱ्या दगडावर अक्षरं उठून उभी राहिली. "नोड्री, बाई," ते हळूच म्हणाले. त्यांच्या मराठीत मधूनच कानडी यायची. नोड्री म्हणजे बघा. "समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. तिरपा टाकावा लागतो. माणसाचंही तसंच."

त्या पावसाळ्यात त्यांनी मला ती लिपी शिकवायला घेतली. कॉलेजातून आले की मी तासभर वर जाऊन बसायचे. त्यांच्याइतका चांगला शिक्षक मला पुन्हा भेटला नाही. एखादं अक्षर चुकलं तर रागवत नसत, फक्त डोळे मिटून घेत आणि मी दुरुस्त करेपर्यंत उघडत नसत. "दगड खोटं बोलत नाही, बाई. वाचणारा बोलतो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल.

दर सोमवारी संध्याकाळी ते देवळात गावकऱ्यांना शिळेच्या थोड्या ओळी वाचून दाखवत. आधी कानडी, मग मराठीत अर्थ. देवस्थानचे अध्यक्ष दिगंबरराव पुढे बसत, मागे सारा गाव. पहिल्या आठवड्यांत राजाची बिरुदं, देवाची स्तुती असं आलं. लोक खूश होते. मग श्रावण लागायच्या आधी सरांनी एक ओळ वाचली. "ज्या पुजाऱ्याच्या हातून देवाचं मुख हरवेल, त्याचं घराणं गावाच्या वेशीबाहेर गेल्याशिवाय देव गावाकडे बघणार नाही."

पुजारी माणिक गुरव तिथेच समई पुशीत होता. तो हसला आणि म्हणाला, "आमच्या हातून कशाला हरवंल, सर? बा गेल्यापासून मीच करायलोय की सगळं."

श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी पहाटे पूजेच्या वेळी देवाचा चांदीचा मुखवटा जागेवर नव्हता.

गाभाऱ्याचं कुलूप शाबूत होतं. किल्ली माणिककडेच असे. पोलीस येऊन गेले, माणिकचं घर उलटंपालटं केलं, काही सापडलं नाही. पण गावाला पोलिसांची गरजच उरली नव्हती. दगडावर कोरलेलं खरं झालं होतं. किराणा दुकानदाराने माणिकला माल देणं थांबवलं. नळावर त्याची घागर लागली की बायका आपल्या घागरी उचलून घेत. त्यातच पाऊस ओढला आणि सोयाबीन माना टाकू लागलं, तेव्हा लोकांच्या बोलण्याला धार आली. माणिकची बायको चंद्रकला आमच्या दारात येऊन बसली. "ताई, तुमच्याकडचे सर मोठे हायत. त्येंना म्हणा, आणखी पुढं काय लिवलंय ते बघा. सुटायची काही वाट आसंल. न्हाईतर आम्ही लेकरं घेऊन कुठं जावं?"

सर वरून तिचं बोलणं ऐकत होते. खाली आले नाहीत.

माझ्या मनात मात्र त्या ओळीपाशी काहीतरी टोचत होतं. मोबाइलमधला फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते. नुकती शिकलेली लिपी. माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. पण 'मुख' हा शब्द मला त्या ओळीत कुठेच सापडेना. सरांना विचारलं. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही. "शिकणाऱ्याने अक्षरं लावावीत, अर्थ लावू नये," असं ते मोठ्याने म्हणाले. माझ्याशी आवाज चढवून बोलण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझी चूक काय ते दाखवलं नाही. डोळेही मिटले नाहीत. त्यानंतर जिन्यावर त्यांची पावलं वाजली की काम करता करता माझा हात थांबायला लागला.

राखीपौर्णिमेला मी माहेरी नांदेडला गेले. एम.ए.ला मला शिकवणाऱ्या आणि जुने कानडी लेख वाचता येणाऱ्या रत्नपारखी मॅडम तिथेच असतात. त्यांनी फोटो संगणकावर लावला, चष्मा पुसला आणि एकेक अक्षर बोटाने लावत त्या ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या.

"हे शापबिप काही नाही ग," त्या म्हणाल्या. "साधा दानलेख आहे. देवाच्या दिव्याला तेल दिल्याचा. तुला हा अर्थ कुणी सांगितला?"

"डॉक्टर मुदगलकरांनी. धारवाडचे."

मॅडमनी चष्मा काढला. "वामन मुदगलकर? अग, त्यांच्या शोकसभेला मी गेले होते. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली."

 आमच्या घराची दुसरी किल्ली त्या माणसाकडे होती. मी दिगंबररावांना फोन लावला. ते ऐकूनच घेईनात. "मॅडम, सरांवर शक घेता व्हय? आज सांजच्याला बैठक हाय. माणिकचं सामान वेशीबाहेर न्यायचं ठरलंय. तुम्ही मधी पडू नका."

नांदेडहून लातूर, लातूरहून निलंगा. त्या दिवशी एसटी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. चंद्रकलाचा फोन लागत नव्हता. गाव रागात असताना बाया विहिरीकडे कशा बघतात हे मला माहीत होतं, आणि ते मनातून जाईना. यजमानांना फोनवर सगळं सांगितलं. "मी निघतोय, तू एकटी वर जाऊ नकोस," ते म्हणाले. मी गेले.

सर खिडकीपाशी बसले होते. बॅग भरलेली होती. दारातच उभी राहून मी म्हटलं, "वामन मुदगलकर वारले आहेत."

ते दचकले नाहीत. "माझे गुरू होते," म्हणाले. "मी वीस वर्षं त्यांच्याजवळ शिकलो. त्यांच्या नावाला बट्टा लागेल असं एकही अक्षर मी आयुष्यात वाचलं नव्हतं. बोरहळ्ळीला येईपर्यंत."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील याच कल्लेश्वराचे गुरव होते. तेव्हाही मुखवटा गायब झाला होता. हाताखाली काम करणाऱ्या एका चुलतभावाने वडिलांकडे बोट दाखवलं आणि गावाने एका संध्याकाळी त्यांचं बिऱ्हाड वेशीबाहेर ठेवलं. पुढे मुखवटा गवतात सापडला म्हणे. पण त्यांना परत बोलवायला कुणी गेलं नाही. पूजा त्या चुलतभावाकडे गेली. तो माणिकचा बाप. सरांच्या वडिलांनी बिदरच्या बाजूला कुठेतरी दगड फोडता फोडता जीव सोडला.

"माणिक तेव्हा जन्मलाही नव्हता, सर."

"मी चार वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आईच्या कडेवर. कुणी विचारलं होतं, या पोराने काय केलंय?"

"मुखवटा तुम्ही घेतलात. किल्लीचा ठसा घेतला असेल."

"दगडाचे ठसे घेण्यात आयुष्य गेलं माझं."

मी हात जोडले. आज देवळात चला आणि खरं वाचा, एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. "आज त्यांचं सामान वेशीतून जाताना बघायचं. मग मी जाईन."

"तर मग मी वाचते."

ते हसले. इतक्या दिवसांत त्यांचं असं हसू मी पाहिलं नव्हतं. त्यात माया नव्हती असं मात्र आजही म्हणवत नाही. "तुम्हाला नाही जमणार, बाई. जोडाक्षरांत अडखळाल. आणि ऐकणार कोण?"

यजमान अजून रस्त्यातच होते. मी बोरहळ्ळीला पोचले तेव्हा सभामंडप भरला होता. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणिकची भांडी, पेटी, गाद्या. चंद्रकला ट्रॉलीच्या चाकापाशी बसली होती. ती जिवंत आहे हे पाहिलं आणि मी आत गेले. सर दुसऱ्या जीपने माझ्या मागोमाग आले होते. लोकांनी त्यांना वाट करून दिली. ते खांबापाशी जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "आज शिळा मी वाचणार आहे. सरांनीच मला शिकवलंय." दिगंबरराव उठायला लागले. मी थांबले नाही. मोबाइलची बॅटरी तिरपी धरली आणि ती ओळ वाचायला सुरुवात केली.  'दीवक्के', म्हणजे दिव्यासाठी. 'गाण', म्हणजे घाणा, आपलाच शब्द. घाण्यामागे तेल... आणि पुढे मी अडले. मॅडमकडून घोटून घेतलेलं सगळं डोक्यातून निघून गेलं. मागून कुणीतरी खाकरलं. "सो... सोम... सोमवारी," मी म्हटलं.

"सोल्लगे!"

आवाज खांबापासून आला होता. सरांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. "सोमवार नाही. 'गे'ची मात्रा दिसत नाही का? सोल्लगे. तेलाचं माप. घाण्यामागे एक सोल्लगे तेल, देवाच्या दिव्याला."

 मग दिगंबरराव सावकाश बोलले, "सर. मुख हरवंल, घराणं वेशीबाहेर... ते कुठं हाय मग?"

सरांनी डोळे उघडले. निघून जाता आलं असतं. दार त्यांच्याच मागे होतं. ते पुढे आले, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शिळा वाचली. एका तेलिणीने नवऱ्याच्या नावाने दिलेलं दान. ते पाळणाऱ्याला काशीत हजार गाई दान दिल्याचं पुण्य, मोडणाऱ्याला तिथेच हजार गाई मारल्याचं पाप. तसा आवाज मी त्यांचा आधी ऐकला नव्हता. त्यात घाई नव्हती, भीती नव्हती. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "एवढंच आहे. बाकीचं माझं. मुखवटा बारवेतल्या कोनाड्यात आहे, सुट्या दगडामागे."

मुखवटा मिळाला आणि लोक त्यांच्या अंगावर धावले. त्या वेळी त्यांच्यापुढे आडवा उभा राहिला तो माणिक. "हात लावू नका. पोलिसांना बोलवा," तो ओरडत होता. पुढे मी त्याला त्याचं कारण विचारलं. "मला न्हाई ठाव," म्हणाला. "माझं सामान ट्रॉलीत व्हतं, ताई. मला कुणाचंच काही तसलं बघू वाटंना."

निलंग्याच्या कोर्टात साक्षीसाठी मला बोलावणं आलं. सर बाहेर बाकावर बसले होते, शेजारी दोन पोलीस. खूप वाळले होते. माझी नजर त्यांनी चुकवली नाही. "बाई, सराव सोडू नका," एवढंच म्हणाले. मला राग आला आणि रडूही आलं. 

माणिकही साक्षीला आला होता. सरांच्या वडिलांची हकीकत मीच त्याला सांगितली होती, नाव मात्र मलाही माहीत नव्हतं. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. पोलिसाने त्याला हटकलं, तरी हलला नाही.

"तुमच्या वडलांचं नाव काय व्हतं?" त्याने विचारलं.

सर त्याच्याकडे बघत राहिले. बहुधा हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. पोलिसांच्या कागदावर असेल, पण बोरहळ्ळीच्या माणसाने तोंडाने विचारलं नव्हतं.

"काशिनाथ."

माणिक मटकन बाकावर बसला, सरांच्या शेजारीच. "माझा बा शेवटाला लई दिवस अंथरुणात व्हता," तो म्हणाला. "रोज एकच म्हणायचा. काशीअण्णाला बोलवा, मला त्येच्याशी बोलायचंय. आम्ही पाहुण्यारावळ्यात सगळीकडं इचारलं. काशीअण्णा कोण, ते कुणीच सांगंना."

शिपायाने आत पुकारा केला. सर उठले नाहीत. सगळी अक्षरं ओळखणारा तो माणूस माणिकच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्यांचे ओठ हलत होते. पोलिसाने दंडाला धरलं तेव्हा त्यांनी माणिकला विचारलं, अगदी बारीक आवाजात, "पुन्हा सांग. काय म्हणायचा?"

माणिकने पुन्हा सांगितलं.