कँप नंबर तीनमधले बूट

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण या किश्शात चूक सगळी माझी आहे आणि इतक्या वर्षांत ती मला दुसऱ्या कुणावर ढकलता आलेली नाही.

फाळणीला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी डोंबिवलीचा, नोकरी ठाण्यातल्या एका कारखान्यात, तीही उमेदवारीवर. आई रोज विचारायची, "झालास का रे कायम?" अशात नवे साहेब आले, लढाईत बोटीवर अमेरिकन खलाशांबरोबर राहिलेले. शनिवारी त्यांनी मला बोलावलं. माझ्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं, आणि म्हणाले, "सोमवारी सकाळी सातला नव्या लोकांचा बूट कँप. चुकवलात तर कायम व्हायचं विसरा."

मी जोरात मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. पण अर्जात 'इंग्रजी उत्तम' असं मीच लिहिलेलं, मग विचारणार कुठल्या तोंडाने?

रविवारभर डोकं खाजवलं आणि संध्याकाळी उजेड पडला. अहो, आमच्याकडे कँप म्हटलं की एकच, कल्याणचा! लष्कराच्या रिकाम्या बराकी, त्यात सिंधहून आलेली निर्वासित माणसं, आणि तिथे मिळत नाही अशी वस्तू नाही. म्हणजे साहेब आम्हाला तिथून बूट घेऊन देणार.

सोमवारी सातच्या आधीच पोचलो. विचारत विचारत कँप नंबर तीन गाठला. एका बराकीच्या पडवीत बुटांचं दुकान होतं. दुकानदाराला सांगितलं, मी हजर आहे, बाकीचे येतीलच. त्याने बसवलं, पायाचं माप घेतलं. आठ वाजले, नऊ वाजले, कोणी येईना.

वाट बघता बघता तो स्वतःचं सांगू लागला. तिकडे शिकारपुरात मास्तर होता. आरी कधी हातात धरलेली नाही. इथे आल्यावर पहिले कित्येक जोड वाया गेले. मग आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, बूट कुठे चावतो, आणि रात्री उसवून पुन्हा शिवायचा. "पूछने में क्या शरम, साईं?" असं म्हणून तो हसला. मला मात्र हसू येईना. मास्तर असलेला माणूस कुणालाही विचारत होता, आणि मी एक शब्द विचारायला लाजलो होतो. वाईट वाटलं, खरंच.

शेवटी मीच एक जोड घेतला, पायात घातला आणि लंगडत अकराला कारखान्यात पोचलो. आवारात बाकीचे नवे लोक तेलाने माखलेले, यंत्राचे भाग पुसत होते. साहेबांनी विचारलं, कुठे होतात?

"बूट कँपला, साहेब. कँप नंबर तीन."

साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग शांतपणे समजावलं की अमेरिकन आरमारात नव्या माणसाला अगदी पहिल्यापासून शिकवतात, घाम काढतात, त्याला बूट कँप म्हणतात.

मी सहा महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी विचारलं. "पण साहेब, मग त्यात बूट कुठले?"

"ज्याला अजून काही येत नाही, त्या नव्या माणसाला ते लोक बूट म्हणतात," साहेब म्हणाले. "म्हणजे तुम्ही."

उमेदवारी तीन महिने वाढली. पुढे कायम झालो, हेडक्लार्कही झालो. पण निवृत्त होईपर्यंत मी दारातून आत शिरलो की कुणीतरी हळूच म्हणायचंच, "बूट आले."