साहेबांचा चहा

सुमनताईंच्या ओट्यावर साहेबांचा उष्टा कप तसाच पडलाय. माझी ही म्हातारी मैत्रीण एकटी राहते, भिंत धरून चालते. तिला घरी सरकारी मदतनीस मिळावी म्हणून मी किती खेटे घातले, तेव्हा कुठे साहेब पाहणीला आले.

"ताई, आज उठायचं नाही हं," मी बजावलं होतं.

"दारी आलेल्याला कोरडंच पाठवू होय गं?"

उठल्याच. थरथरत्या हातांनी चहा केला. साहेब तो चवीनं प्यायले आणि शेरा मारून गेले: स्वयंपाक करतात, मदतीची गरज नाही.

म्हणजे सरकारची मदत हवी तर माणसानं आधी आपली रीतभात मोडून दाखवायची! एवढं लाचार होणं ताईंना जमलं नाही.

तेव्हापासून त्या अंथरुणातच आहेत. मी कप विसळायला घेतला, तर आतून विचारतात, "साखर कमी पडली असेल का गं त्यांना?"