अळंबीवाले गोपाळराव

ग्वाल्हेरात अळंबी शोधत हिंडणं म्हणजे जैसलमेरात होडी बांधायला काढण्यासारखं आहे. पण आमच्या दर्पण कॉलनीतले गोपाळकृष्ण मुळ्ये एजी ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून हेच करताहेत, आणि मोठ्या आनंदात आहेत.

मे महिन्यात इथले कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत. तेव्हा हे गृहस्थ डोक्याला ओला पंचा गुंडाळून, हातात भिंग घेऊन कुणाच्या तरी कूलरच्या मागे उभे असतात. कूलरचं गवत जुनं झालं की त्यात कधीकधी काडीएवढी अळंबी उगवते आणि ऊन चढेपर्यंत विरघळून तिची शाई होते. तिला गाठायचं तर सकाळीच. त्यामुळे कॉलनीत सकाळी बेल वाजली की एक तर दूधवाला, नाही तर गोपाळराव. "कूलर कसा आहे?" असं ते विचारतात, घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

कोकणातले त्यांचे मावसभाऊ दर पावसाळ्यात फोटो पाठवून चिडवतात, "आमच्या न्हाणीघरात यापेक्षा जास्त उगवतात." गोपाळरावांचं उत्तर ठरलेलं, "म्हणूनच तुम्ही त्यांच्याकडे बघत नाही." त्यांना वाळक्या लाकडावरची पंख्यासारखी अळंबी माहीत आहे. उन्हात ती मूठ आवळून बसते आणि पाण्याचा शिंतोडा मिळाला की उमलते. चंबळच्या रेताड घळीतून काठीवर बसवलेल्या गोटीसारखी एक अळंबी त्यांनी आणली होती, तेव्हा तर त्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले.

एकच पंचाईत. एवढा अभ्यास करून हा माणूस कशाचंच नाव छातीठोकपणे सांगत नाही. "असू शकेल. नसूही शकेल." त्यामुळे त्यांच्या शब्दाला कॉलनीत मान होता, पण वजन नव्हतं.

आणि सप्टेंबरात विश्वासराव शितोळ्यांच्या लॉनवर छत्र्या उगवल्या.

विश्वासरावांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत होते आणि ते स्वतः पाटबंधारे खात्यात. त्यामुळे पाऊस पडो न पडो, त्यांचं लॉन हिरवंगार. त्यावर ताटलीएवढ्या पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचं रिंगणच उभं राहिलं. शिकार मारल्यासारखे विश्वासराव मिशीवर हात फिरवत गोपाळरावांकडे आले.

"गोपाळराव, आज जावई येताहेत. विक्रमसिंह. मशरूमचे भलते शौकीन. संध्याकाळी रस्सा करतो, झणझणीत! तुम्ही फक्त हो म्हणा."

गोपाळराव लॉनवर गेले, ओणवे झाले, हुंगलं, देठ चाचपला. चेहरा उतरला. "विश्वासराव, अशाच दिसणाऱ्या दोन असतात. एक खाण्याची. दुसरी खाल्ली तर जावई रात्रभर मोरीत."

"मग ही कुठली?"

"असू शकेल..."

"आलं तुमचं!" विश्वासराव उखडले. "अहो, इतकी सुंदर वस्तू विषारी कशी असेल?"

आतून त्यांच्या पत्नी उषाताई म्हणाल्या, "कुकुरमुत्ता आहे तो, कुत्र्याची छत्री. मी माझ्या कढईला हात लावू देणार नाही, बता देती हूँ!"

"कढई नको, पातेल्यात करीन," विश्वासराव म्हणाले.

गोपाळरावांनी हात जोडले. "संध्याकाळपर्यंत थांबा. हिच्या छत्रीखालून बीजांची भुकटी झडते, ती कागदावर पाडून बघतो. पांढरी पडली तर मला शंका काढायला जागा राहणार नाही. हिरवट पडली तर हात लावू नका."

विश्वासराव चार वाजेपर्यंत थांबायला कबूल झाले. तोवर त्यांनी कांदे चिरायला घेतले.

सगळ्यात मोठी छत्री घेऊन गोपाळराव घरी आले. देठ काढला, छत्री कागदावर पालथी ठेवली, वर स्टीलचा वाडगा झाकला. पण ठेवायची कुठे? भुकटी पडायला निवांत जागा हवी आणि घरात दोन कूलर, तीन पंखे. वारा नाही असा एकच कोपरा होता, देवघराचा. तिथे समईची ज्योत हलायला नको म्हणून पंखाच लावलेला नाही. गोपाळरावांनी देवापुढच्या पाटावर सगळं मांडलं आणि आडवे झाले. डोळा लागला.

बायको लेकीकडे गेलेली, म्हणून मेहुणी शांताताई शिंदे की छावनीतून त्यांच्या जेवणाखाणाचं बघायला आलेल्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. दुपारी त्या देवघरात गेल्या, तर देवापुढे पाटावर वाडग्याखाली काहीतरी झाकलेलं!

"अरे देवा, नैवेद्य करून ठेवला आणि दाखवायचा विसरले गोपाळराव." त्यांनी वाडगा उचलला. पांढरं, गोल, मधे जरा खरपूस. घावन! "आणि कागदावर? पुरुषांनी केलं की असंच." त्यांनी ते अलगद उचलून चांदीच्या ताटलीत ठेवलं, वर तुळशीचं पान घातलं, पाणी फिरवलं, घंटा वाजवली.

त्या घंटेनं गोपाळराव जागे झाले. तेवढ्यात दारात विश्वासराव, हाताला कांद्याचा वास. "चार वाजले, गोपाळराव!"

"या, या," शांताताई ताटली घेऊन सामोऱ्या आल्या. "अगदी वेळेवर आलात. प्रसाद घ्या."

शितोळ्यांच्या घरात प्रसादाला नाही म्हणत नाहीत. विश्वासरावांनी न बघताच तुकडा मोडला, डोळे मिटून कपाळाला लावला आणि तोंड उघडलं.

"थांबा!" गोपाळराव असे ओरडले की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. त्यांनी तुकडा हिसकावला आणि धावत देवघरात जाऊन कागद आणला. त्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा उमटल्या होत्या. हिरवट, शेवाळी.

"विषारी आहे," गोपाळराव म्हणाले. "असू शकेल नाही. आहे!"

विश्वासरावांनी आधी कागद बघितला, मग हात दोनदा साबणानं धुतले.

"मेलं, देवाला विष दाखवायला लावलंत मला?" शांताताई मटकन बसल्या.

"महादेवाला सवय आहे, ताई."

त्या संध्याकाळी जावयांना मटार पनीर मिळालं. विश्वासराव हिरमुसले असतील असं आम्हाला वाटलं होतं. पण ते जावयांना लॉनवर घेऊन गेले, रिंगणाभोवती सुतळी बांधलेली दाखवली आणि छाती फुगवून म्हणाले, "ऐसी-वैसी नहीं, जहरीली है! आमच्या गोपाळरावांनी सांगितलंय." जेवायला बसल्यावर पहिलं ताट त्यांनी गोपाळरावांपुढे ठेवलं. गोपाळरावांनी पनीरचा तुकडा चमच्यावर घेतला, सवयीनं खालून वरून निरखला, आणि उषाताईंनी डोळे वटारल्यावर मुकाट्यानं खाल्ला.