खोटी नाळ

सातपाटीच्या साखरबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. पण गावात नाव पाण्यात लोटायची वेळ आली की हीच बाई दार ओढून घरात बसे. त्याला कारण दामू तांडेल, म्हणजे नावेचा म्होरक्या.

तिचा नवरा दामूच्या नावेवर खलाशी होता. आभाळ फिरलं तरी दामूनं हट्टानं नाव माघारी वळवली नाही आणि लाटेनं नवरा नेला. पुढं दामूनं नवी नाव बांधली. साखरबाई सगळं गिळून, गावची रीत म्हणून नारळ घेऊन किनाऱ्यावर गेली, तर यानं तिला दंडाला धरून नाळेपासून, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकापासून, दूर काढलं. "नवऱ्याला खाल्लंस, आता माझी नाव खाशील," असं अख्ख्या गावादेखत म्हणाला. पाप याचं आणि खापर हिच्या डोक्यावर. साखरबाईनं मनाशी गाठ मारली आणि ती सैल पडू दिली नाही.

तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं त्या वर्षांत मुंबईची एक सिनेमा कंपनी सातपाटीला उतरली. मराठ्यांच्या आरमारावर मोठा रंगीत चित्रपट निघायचा होता. लांबून दिसणाऱ्या गलबतांच्या हातभर प्रतिकृती शाळेच्या पडवीत तयार होत होत्या. जवळच्या दृश्यांसाठी मात्र खरी नाव हवी होती, ती दामूनं दिली. सुतारांनी तिला प्लायवूडचे कठडे आणि गोणपाटावर प्लास्टर थापलेल्या तोफा बसवल्या, आणि पुढं सिंहाच्या तोंडाची खोटी नाळ ठोकली. वर दामूला सरतांडेलाची भूमिकाही मिळाली. भरजरी पागोटं बघायला त्यानं वडराईहून सासरची माणसं बोलावली.

गलबताची पूजा करायला किल्लेदाराची म्हातारी आई हवी होती. मुंबईहून आणलेल्या बाया दिग्दर्शकाला फारच मऊ वाटल्या. बोंबील वाळत टाकता टाकता कुणावर तरी खेकसणारी साखरबाई त्याला दिसली आणि तो म्हणाला, हीच. तिला हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या तेव्हा तिला नवरा आठवला, रडू फुटेलसं वाटलं. मग नाळ आठवली, आणि कुंकवासाठी तिनं आपण होऊन कपाळ पुढं केलं.

दामू तणतणत दिग्दर्शकाकडं गेला. दिग्दर्शकानं साफ सांगितलं, पटत नसेल तर पागोटं उतरव आणि नाव घेऊन जा. सासरच्यांपुढं नाक कापून घेण्यापेक्षा दामूनं पळवाट काढली. कुंकू लागणार ते प्लायवूडला, नावेला नाही, असं तो गावभर सांगत सुटला. शहाण्यानं तिलाही हसत ऐकवलं, "लाव किती लावायचं ते. ती नाळ माझी नाय."

चित्रीकरणाला गाव लोटलं. दामूनं वाकून म्हणायचं होतं, "आईसाहेब, तुमचा हात लागला, आता दर्याचं भय नाही." तो वाकला आणि साखरबाईच्या हातून आरती निसटली. पुन्हा वाकला, तर ती अक्षता विसरली. मग तिला ठसका लागला. दर खेपेला दामूला नव्यानं वाकावं लागे. सासरची माणसं आधी हसली, मग त्यांनी माना फिरवल्या. तिला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

भरती उतरायला लागली तसा दिग्दर्शक चिडला. साखरबाई म्हणाली, आता चुकायची नाय. कॅमेऱ्यात ठसठशीत दिसावं म्हणून कुंकू तेलात कालवलं होतं, त्यात तिनं पंजा बुडवला. सिंहाचं तोंड ओलांडून, प्लायवूड संपत होतं तिथं, खऱ्या सागवानी नाळेवर तो दाबून धरला. कॅमेरा चालूच होता. दामूला हलता येईना. त्याच्या तोंडून वाक्य फुटलं ते डोळ्यांतल्या पाण्यासकट, आणि दिग्दर्शक बेहद्द खूश झाला.

संध्याकाळी कंपनीनं सिंह उपटून नेला. खऱ्या नाळेवर पाच बोटं तशीच होती. दामू काथ्यानं घासत बसला, पण तेलकट रंग लाकडात मुरला होता. साखरबाई कपाळ पुसून तिथं आली.

"घास," ती म्हणाली. "पण सकाळी नाव लोटलीस तर माझ्या हातात इख नव्हतं, हे गाव बघंल. नाय लोटलीस तर बस घरात, मी बसले तशी."

तो खाली मान घालून घासत राहिला.

सकाळी बाकीच्या नावा निघाल्या. दामूचे खलाशी ताटकळले होते. पूर्वी जिथून तिला ओढून काढलं होतं, तिथंच साखरबाई उभी होती. दामू आला. 'बाजूला हो' त्याच्या ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलं, पण ते बाहेर पडलं नाही. माफ करायचं तिच्या मनातही नव्हतं. नाव लोटण्याआधी तांडेल नाळेला हात लावून तो कपाळाला लावतो. दामू बराच वेळ त्या लाल पंज्यापुढं उभा राहिला. मग त्यानं त्यावर हात ठेवला, तो कपाळाला लावला आणि खलाशांना म्हणाला, "लोटा."